फ्लॅशचा उजेड मालावर पडू दे, भिंतीवर नको



महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लागला की गिऱ्हाईक आपला माल हातात घेतं, वास घेतं, चव बघतं. व्हॉट्सअॅपवर किंवा ऑनलाइन विक्रीत यातलं काहीच होत नाही. तिथे फोटो हाच आपला स्टॉल. आणि आपले फोटो निघतात कधी? दिवसभराची कामं उरकल्यावर, रात्री, फ्लॅश मारून.

अशा फोटोंत तीन गोष्टी हमखास दिसतात. पाकिटावर पांढराफटक डाग, मागची भिंत लख्ख, आणि मधला माल फिका. हा डाग नेमका लेबलवर पडला, तर वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक वाचता येत नाही. ज्या गिऱ्हाइकाने आपल्याला कधी पाहिलेलं नाही, त्याचा विश्वास त्या लेबलवरच असतो. म्हणून हे नीट समजून घेऊ.

उजेड सांडतो म्हणजे काय?

रोपाला बादलीने पाणी फेकलं तर थोडं मुळाशी जातं, बाकीचं अंगणभर होतं. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तसाच आहे. तो उजेड पसरून फेकतो. त्यातला थोडा मालावर पडतो. उरलेला भिंतीवर, छतावर, आपल्या साडीवर आपटून परत येतो, आणि येताना तिथला रंग घेऊन येतो. भिंत हिरवी असेल तर पोह्यांच्या पापडावरही हिरवट झाक येते. म्हणून फ्लॅशचा जोर वाढवून फोटो सुधारत नाही. सांडणारा उजेड अडवावा लागतो.

पहिला उपाय: अंतर

याला एक पैसा लागत नाही. उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. अंतर चौपट झालं की सोळावा हिस्सा उरतो.

समजा, बाटली भिंतीपासून १ फुटावर आहे आणि फ्लॅश बाटलीपासून ४ फुटांवर. म्हणजे भिंत फ्लॅशपासून ५ फूट. बाटलीवर १०० भाग उजेड पडला तर भिंतीवर ६४ भाग पडतो, म्हणून भिंत तेवढीच चमकते. आता फ्लॅश बाटलीपासून १ फुटावर आणा आणि बाटली भिंतीपासून ३ फूट पुढे घ्या. भिंत झाली ४ फूट. तिच्यावर आता जेमतेम ६ भाग उजेड जातो, भिंत आपोआप काळोखात जाते. फ्लॅश जवळ आणला की त्याचा जोर मात्र कमी करा, नाहीतर माल पांढरा पडेल.

दुसरा उपाय: बाजूने उजेड

कॅरमचा स्ट्रायकर कडेला सरळ मारला तर सरळ आपल्याकडे येतो, तिरका मारला तर तिरका पलीकडे जातो. उजेडाचंही तसंच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सोड्याच्या प्लॅस्टिक पाकिटावर समोरून पडला की सरळ कॅमेऱ्यात परततो. तोच पांढरा डाग. उजेड बाजूने, तिरका टाकला की चकाकी दुसरीकडे निघून जाते.

त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा हवा. सुटा फ्लॅश आणि ट्रिगर असेल तर उत्तम. नसेल तर अडून बसू नका. कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा फ्लॅश बंद करा आणि दुसऱ्या मोबाइलची टॉर्च बाजूने धरा. टॉर्चचा उजेड कमी असतो, म्हणून फोटो काढणारा मोबाइल डब्याला टेकवून ठेवा, हलू देऊ नका.

तिसरा उपाय: पडदा, नळी आणि जाळी

या तिन्ही वस्तू घरी होतात. लागतो काळा कार्डपेपर, रबर आणि चिकटपट्टी. कागद चकचकीत नको.

पडदा: कार्डपेपरचा तळहाताएवढा तुकडा फ्लॅशच्या बाजूला रबराने बांधा, थोडा पुढे आलेला ठेवा. ज्या बाजूला भिंत, त्या बाजूला पडदा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर मध्ये पडदा धरा, नाहीतर सगळा फोटो धुरकट होतो.

नळी: कार्डपेपर गुंडाळून ५-६ इंचाची नळी करा आणि फ्लॅशच्या तोंडावर बसवा. उजेड गोल ठिपक्यासारखा पडतो. नळी जितकी लांब, तितका ठिपका लहान.

जाळी: खोक्याचा जाड पुठ्ठा कापून बघा, आत बारीक नळ्या दिसतात. नळ्यांना आडवं कापून एक इंच रुंद पट्ट्या करा, एकावर एक चिकटवा आणि पुढून काळा रंग लावा. नळ्यांतून उजेड सरळच जातो, तिरका अडतो. नळीने ठिपक्याची कडा ठळक येते, जाळीने ती मऊ येते.

एक काळजी घ्या. सारखा फ्लॅश मारला की तो तापतो. कागद काचेला चिकटवून बसवू नका, थोडी जागा ठेवा आणि अधूनमधून थांबा.

आपल्या मालाला काय लागू?

अलिबागचा पांढरा कांदा पांढऱ्या भिंतीसमोर ठेवून समोरून फ्लॅश मारला तर कांदा आणि भिंत एकच दिसतात. मागे गडद कापड, बाजूने जाळीतून उजेड, की सालीची एकेक रेघ दिसते आणि माळेची गुंफणही.

आमसूल मुळात काळपट. त्याला बाजूचा उजेड हवा, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा म्हणजे सावली फार गडद होणार नाही. तिथे परतणारा उजेड आपल्याला हवाच असतो.

सुके बोंबील, जवळा, सोडे यांचे दोन फोटो काढा: एक ताटात उघडा माल, एक पाकिटाचं लेबल. मसाल्याच्या बाटलीला चकाकी जाईपर्यंत फ्लॅश इंच-इंच सरकवत राहा.

रंग मात्र आहे तसाच येऊ द्या. फोटोत लालभडक मसाला आणि हातात वेगळाच आला, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

जिथे फ्लॅश नकोच

हरिहरेश्वर, दिवेआगर भागातल्या आपल्या काही मैत्रिणी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतात. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूतून निघालेलं पिल्लू जिकडे उजेड जास्त, तिकडे धावतं. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. मागून टॉर्च किंवा फ्लॅश लागला तर ते गावाकडे वळतं, थकतं, कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातं. अंडी घालायला आलेली मादीही उजेड बघून परत फिरू शकते. इथे नळी, जाळी, पडदा काही उपयोगाचं नाही. फ्लॅश बंदच. आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना हे आपणच आधी सांगायचं. कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि कासवं येतात म्हणून पाहुणेही येतात.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपला एक माल, काळा कार्डपेपर आणि दोन मोबाइल आणावेत. एकाच पाकिटाचे दोन फोटो काढा, एक नेहमीसारखा आणि एक नळी लावून. शेजारी ठेवा. कोणता माल आपण स्वतः विकत घेऊ, ते एकमेकींना विचारा.