एका वायरवर किती पॉइंट?

नव्या फ्लॅटच्या ओट्यावर पॉवरचे सहा सॉकेट दिसले की घेणारा खूश होतो. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी, किटली, सगळ्यांची सोय झाली! पण ते सहाही सॉकेट आतून एकाच अडीचच्या वायरवर लूप केलेले असतील, तर ही सोय दिसण्यापुरतीच. अडीचची म्हणजे तांब्याच्या तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. वायरमन मंडळी एवढंच बोलतात: दीडची, अडीचची, चारची.

आपल्याकडच्या वायरिंगसंहितेतून आणि सरकारी बांधकामांच्या स्पेसिफिकेशन्समधून वर्षानुवर्षे चालत आलेला नियम साधा आहे. दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट मिळून एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि एकूण भार ८०० वॅटच्या आत हवा. १६ अँपिअरचे पॉवर सॉकेट असतील, तर एका सर्किटवर फार तर दोन आणि भार ३००० वॅटपर्यंत. आता गंमत बघा. २३० व्होल्टला ३००० वॅट म्हणजे जेमतेम १३ अँपिअर. सॉकेट दोन, प्रत्येकी १६ चे, आणि दोघांनी मिळून घ्यायचे १३! दोन्हीकडे एकाच वेळी पूर्ण भार यायचा नाही, हे इथे गृहीतच धरलेलं आहे. गिझर आणि इस्त्रीच्या काळात ते बऱ्यापैकी खरंही होतं.

सॉकेट मोजण्यामागचं खरं कारण आहे उष्णता. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं. अडीचच्या वायरमधून १० अँपिअर गेले तर दर मीटरला साधारण पाऊण वॅट उष्णता निघते. २० अँपिअर गेले तर दीड नाही, तीन वॅट. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तापतात, म्हणजे त्याची दुप्पट. उघड्यावर हे काहीच नाही. प्लास्टरखालच्या पाइपात, आणखी चार वायरींच्या गर्दीत मात्र ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. ती रोज ओलांडली की वेष्टण कडक होतं, मग तडकतं.

‘एमसीबी आहे की!’ हे उत्तर ठरलेलं. एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार, लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२०० धरा. एकत्र चालवले तर जवळपास साडेवीस अँपिअर, म्हणजे १६ च्या एमसीबीच्या १.२८ पट. चहा, पोहे, कालची भाजी गरम करणं, सगळं उरकेल आणि एमसीबी जागचा हलणार नाही. तो पडायला लागलाच, तर ‘१६ चा काढून ३२ चा टाका’ हा सल्ला मिळतो. वायर तीच राहते. हा सल्ला देणाऱ्याला मी तरी पुन्हा घरात घेणार नाही, कारण एमसीबी तिथे असतो तो वायरीला वाचवायला.

वॅटची मर्यादा घातली, मग सॉकेटची संख्या वेगळी कशाला? माझ्या मते यातली कळीची गोष्ट म्हणजे सांधे. लूप केलेल्या वायरिंगमध्ये पुढच्या सगळ्या सॉकेटचा प्रवाह पहिल्या सॉकेटच्या स्क्रूखालून जातो. तो स्क्रू सैल असेल आणि तिथे ओहमचा फक्त दहावा भाग इतका रोध आला, तरी १३ अँपिअरला त्या ठिपक्याएवढ्या जागेत सतरा वॅट उष्णता तयार होते. सॉकेटचं भोक तपकिरी पडतं, जळका वास येतो, प्लग काढताना बोटाला चटका बसतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी १३ अँपिअर म्हणजे ठीकच. जितके सॉकेट जास्त, तितके असे सांधे जास्त.

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याच्या टंचाईत वेगळीच वाट धरली. वायर बोर्डातून निघून सगळ्या सॉकेटना भेटत पुन्हा बोर्डातच परत येते. अशा कड्यावर सॉकेट कितीही लावा, मोजायचं ते क्षेत्रफळ: साधारण १०० चौरस मीटरपर्यंत. मात्र प्रत्येक प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज हवा. कडं कुठे तुटलं तरी सगळं चालूच राहतं आणि उरलेली वायर मुकाट्याने जास्तीचा भार ओढते, ही त्यातली खोड. आपल्याकडच्या गोल पिना मूळच्या तिथल्याच, पण त्या जुन्या पद्धतीतल्या. ब्रिटनच्या घरांतून त्या जवळपास गेल्या, आपण ठेवल्या. फ्यूजवाला प्लग काही आपल्याकडे रुजला नाही.

घरी काय आहे ते पाहायला यंत्र लागत नाही. एकेक एमसीबी खाली करायचा, मोबाइलचा चार्जर घेऊन सॉकेट तपासत फिरायचं आणि डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीच्या, झाकणाच्या आत पेनने लिहून ठेवायचं. ओट्याचे सगळे सॉकेट एकाच एमसीबीवर निघाले, तर इंडक्शनसाठी परवानाधारक वायरमनकडून थेट डीबीतून वेगळी चारची वायर ओढून घ्यावी. एक्स्टेन्शन बोर्ड हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याची वायर भिंतीतल्या वायरीहूनही बारीक असते. पाइपात जागा नसेल तर बाहेरून पट्टी मारावी लागेल, आणि नव्या टाइल्सवर ती उठून दिसणारच.