सासूबाई, मी आणि अलास्काची बोट

२२ वर्षं एका घरात राहूनही सासूबाई आणि मी कधी एका खोलीत झोपलो नव्हतो. तो योग आला तो थेट उत्तर पॅसिफिक समुद्रात, बिनखिडकीच्या एवढ्याशा केबिनमध्ये. तेही एक-दोन नाही, चांगल्या सात रात्री!

झालं असं, की माझी धाकटी नणंद सिएटलला असते. २०२३ च्या जुलैत तिच्या लग्नाला २० वर्षं पूर्ण होत होती. तिने फोनवर हट्टच धरला, "वहिनी, आईला घेऊन या. आपण सगळे अलास्काच्या क्रूझला जाऊ." आमच्या ह्यांना रजा मिळेना. (ह्यांना रजा मिळालेली मी एवढ्या वर्षांत एकदाच पाहिली आहे, तीही कावीळ झाली म्हणून.) तेव्हा सासू-सून अशी जोडी ठरली. डोंबिवलीत ज्याला त्याला याचं हसू येत होतं. मला मात्र मनातून धास्ती होती. आमचं भांडण नाही हो, पण घरात माणसं, स्वयंपाकघर, टीव्ही असं बरंच काही दोघींच्या मध्ये असतं. ते नसेल तर बोलायचं काय?

तयारीत पहिलं आश्चर्य व्हिसाचं. अमेरिकेचा आमच्याकडे होताच. पण नणंद म्हणाली, कॅनडाचाही लागेल. म्हटलं, अलास्का तर अमेरिकेत ना? तर तिथे १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेत प्रवासी चढवून फिरवून पुन्हा अमेरिकेतच उतरवायचे असतील, तर मध्ये एखाद्या परक्या देशाच्या बंदराला टेकायलाच हवं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी चार-पाच तासांसाठी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागते, आणि तेवढ्यासाठी आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना वेगळा व्हिसा. जाणार असाल तर हे आधी बघा, कारण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट प्रवास विम्याची. ती आज लिहिताना हात जरा अडखळतोय, पण लिहिते.

सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या. नऊ वर्षांपासून ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. विम्याच्या फॉर्मवर आधीच्या आजारांचा रकाना होता. एजंट म्हणाला, "ताई, बीपी लिहू नका. प्रीमियम वाढतो, वर टेस्ट करायला लावतात. कोण बघतंय?" प्रीमियमचा फरक ४,२०० रुपये होता. मी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा न लावताच, मी बोट ठेवलं तिथे सही केली. आणि ही मी कोण? वस्तीतल्या बचत गटातल्या बायकांना बारा वर्षं घसा कोरडा करून सांगणारी, की वाचल्याशिवाय सही करायची नाही, नवरा म्हणाला तरी नाही!

सासूबाईंचं माहेर दाभोळ. त्यामुळे बोट त्यांना नवी नव्हती. लहानपणी त्या मुंबईला यायच्या त्या कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटीनेच. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या वर चढवायच्या. हे त्या इतक्या रंगून सांगतात, की ऐकणाऱ्याला बोट लागावी. पण त्याच घरात 'रामदास' बोटीची गोष्टही दबक्या आवाजात सांगितली जायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, ६०० हून अधिक माणसं गेली. आमचं निघणं नेमकं जुलैतच. सासूबाईंनी कॅलेंडर पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. पर्समध्ये गणपतीपुळ्याचा अंगारा तेवढा ठेवला.

सिएटलच्या धक्क्यावर ती बोट पाहिली आणि दोघींनी मान वर करूनच ठेवली. बोट कसली, अख्खी सोसायटी! माझ्या बॅगेतला छोटा इलेक्ट्रिक कुकर मात्र तपासणीत अडकला. केबिनमध्ये तापणारी वस्तू चालत नाही, आगीची भीती. पावती देऊन ठेवून घेतला, शेवटच्या दिवशी परत. म्हणजे मेतकूट-भाताचा बेत संपला. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत होते." (त्या सांगत नव्हत्या.)

आमचा केबिनवाला मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीतला. सासूबाई मालवणी वळणाचं काहीतरी बोलल्या, तो कोंकणीत बोलला आणि पहिल्याच संध्याकाळी 'आजी' झाल्या. नऊ महिने बोटीवर, मग दोन-अडीच महिने घरी. धाकटी मुलगी त्याला फोनवरच चालायला लागलेली दिसली होती. रोज रात्री तो टॉवेलचा एक प्राणी करून पलंगावर ठेवायचा. सासूबाईंनी एकही प्राणी मोडू दिला नाही. सातव्या दिवशी आमच्याकडे हत्ती, माकड, ससा असं सगळं प्राणिसंग्रहालय होतं आणि अंग पुसायला टॉवेल मागून घ्यावे लागत होते.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. बोटीने या नाहीतर विमानाने. धक्क्यावरून दिसतं ते एका बाईचं मोठं भित्तिचित्र, २०२१ मध्ये क्रिस्टल वर्ल या कलाकर्तीने काढलेलं. ती बाई म्हणजे एलिझाबेथ पेराट्रोविच. मला हे नाव तोवर ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली. त्या त्लिंगित या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या. १९४१ मध्ये जुनोजवळच्या एका हॉटेलच्या दारावर मूळ रहिवाशांना मज्जाव करणारी पाटी पाहून त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी गव्हर्नरला पत्र लिहिलं. अशा पाट्यांविरुद्धचा कायदा १६ फेब्रुवारी १९४५ ला झाला, तेव्हा सभागृहात त्या स्वतः बोलल्या होत्या. अख्ख्या अमेरिकेचा नागरी हक्क कायदा आला त्यानंतर १९ वर्षांनी, १९६४ ला. आता १६ फेब्रुवारी हा अलास्कात त्यांच्या नावाचा दिवस आहे आणि २०२० च्या एक डॉलरच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आहे. मला महाडचं चवदार तळं आठवलं. सासूबाई चित्राकडे बघत म्हणाल्या, "बाई शांत दिसते. पण ऐकणारी नाही."

दुसऱ्या दिवशी ग्लेशियर बे. त्या दिवशी बोट कुठेही थांबत नाही, नुसती हिमनद्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत परवानगी असते. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली, तेव्हा हे आखात जवळजवळ पूर्ण बर्फाखाली होतं. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला तोपर्यंत बर्फ ४० मैलांहून जास्त मागे सरकला होता. आम्ही मार्जरी हिमनदीसमोर उभ्या होतो. पाण्यावर साधारण २५० फूट उंच, निळसर, भेगाळलेली भिंत. एकदम एक कडा सुटून पाण्यात पडला. आधी दिसलं, आवाज मागून आला, तोफेसारखा. सासूबाईंनी माझा दंड धरला. २२ वर्षांत पहिल्यांदा.

तिथे बोटीवर उद्यानाचे वनरक्षक चढतात, त्यांच्याबरोबर त्लिंगित समाजातलंही कोणीतरी येतं. त्यांची गावं पूर्वी याच खोऱ्यात होती. हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांना सगळं सोडून निघावं लागलं. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं धरतात, हे ऐकून सासूबाईंचे डोळे चमकले. निघण्याच्या वेळची त्यांची एक कथा आहे. एका मुलीच्या हातून चूक होते आणि तिच्या हाकेने हिमनदी चालून येते. एका कथनात ती मुलगीच मागे राहते. दुसऱ्यात तिची आजी म्हणते, तू तरुण आहेस, तुला मुलं व्हायची आहेत, तू जा, मी राहते.

मी हे भाषांतर करून सांगितलं. सासूबाई क्षणभर गप्प, मग म्हणाल्या, "दुसरंच खरं असणार. म्हातारीच राहते मागे. आपल्याकडे तरी काय वेगळं असतं?"

मला ते लागलं. मला उद्देशून होतं की नव्हतं, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

त्याच्या पुढच्या रात्री सिट्का सोडून बोट मोकळ्या समुद्राला लागली. (सिट्का म्हणजे १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकून जिथे झेंडा उतरवला ते गाव. सुंदर आहे, पण मला त्यातलं आता फारसं आठवत नाही, कारण पुढचं सगळं आठवतं.) अकराच्या सुमाराला सासूबाई बाथरूमला उठल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. "अगं, गरगरतंय." मला वाटलं बोट लागली. आलेपाक दिला. तर मान मागून धरून त्या मटकन पलंगावर बसल्या. चेहरा लालबुंद. नणंदेला उठवलं, फोन केला, चाकांची खुर्ची आली. बोटीच्या तळाकडल्या दवाखान्यात बीपी निघालं २०५ वर ११०.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची तयारी करता करता विचारलं, यांना आधीपासून ब्लडप्रेशर आहे का? किती वर्षं? गोळ्या कोणत्या?

आणि मैत्रिणींनो, मी दोन सेकंद थांबले. सासूबाई समोर खाटेवर, आणि माझ्या डोक्यात तो फॉर्म. इथे 'हो' म्हटलं की रिपोर्टात येणार, रिपोर्टात आलं की विमा गेला. दोनच सेकंद. मग सांगितलं, नऊ वर्षं, गोळ्यांची नावं ही. पण ते दोन सेकंद माझ्या खात्यावर आहेतच.

पहाटे चारपर्यंत बीपी उतरलं. ईसीजी ठीक आला. नणंद झोपायला गेली. मी खुर्चीत बसले होते आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. फॉर्म, एजंट, ४,२०० रुपये, ती सही.

सासूबाईंनी छताकडे बघतच विचारलं, "म्हणजे माझ्या सहीने खोटं लिहिलंस?"

"हो, आई."

"विचारायचंस तरी. पैसे मी दिले असते." बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मशिनची टिकटिक तेवढी चालू होती. मग म्हणाल्या, "तीन दिवस सकाळची गोळी घेतली नाही मी. ती पाणी काढणारी. सारखं जावं लागतं, तो बर्फ बघायचा राहिला असता. तुला सांगितलं तर ओरडली असतीस."

आता ओरडायचं कोणी आणि कोणावर?

केचिकानला त्या उतरल्या नाहीत. मीच तासभर जाऊन आले. वर्षाला साधारण १५० इंच पाऊस पडणारं गाव, माझ्या कोकणी मनाला तेवढं एकच तिथे घरचं वाटलं. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली रंगीत लाकडी घरं आहेत. १९५० च्या दशकापर्यंत ती वेश्यावस्ती होती, आणि आता तिथे त्याच गोष्टीवर विनोदाच्या पाट्या लावून टी-शर्ट विकतात. सगळे हसत फोटो काढत होते. मला नाही जमलं. खालच्या पाण्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध धडपडत होते, ते पाहून मी परत फिरले. सासूबाई केबिनमध्ये टॉवेलच्या माकडाला चष्मा घालून बसल्या होत्या.

बिल आलं ८४० डॉलर. तेव्हाच्या भावाने जवळजवळ ६९ हजार रुपये! बोटीवर ते आधी तुमच्या खात्यावर चढतं, विमा असो नसो. भरपाई नंतर तुम्ही कंपनीकडून मिळवायची. नणंदेने कार्डावर भरलं. डोंबिवलीत परतल्यावर एजंट म्हणाला, "रिपोर्ट लावूच नका. नुसती बिलं लावा, चक्कर आली म्हणून. बघू काय होतं ते." ह्यांचं मतही, टाकून बघायला काय हरकत आहे, असंच होतं. ६९ हजार म्हणजे थोडे नाहीत, मलाही दोन दिवस झोप आली नाही. सासूबाईंनीच विषय संपवला. "एकदा माझी सही वापरलीत, पुन्हा नाही." स्वतःची एक ठेव मोडून त्यांनी लेकीला पैसे पाठवले. लेक नको नको म्हणत होती, तर "आई आहे मी, पाहुणी नाही" म्हणाल्या. मी माझ्या बाजूने निम्मे द्यायला गेले. त्यांनी मोजून ४,२०० घेतले, बाकीचे परत केले.

गटाच्या बैठकीत हे सांगावं की नाही, यावर मी महिनाभर घालवला. शेवटी सांगितलं. एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही पण?" बाकीच्या हसल्या. त्यानंतर मात्र माझ्यासमोर आलेला प्रत्येक कागद त्या मला आधी मोठ्याने वाचायला लावतात.

२०२५ च्या जूनमध्ये नातीच्या ग्रॅज्युएशनला पुन्हा सिएटलला जायचं ठरलं. विम्याचा फॉर्म आला. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, आणि जेवणाच्या टेबलावर पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. इंग्रजी सावकाश, एकेक अक्षर लावत. गॅसवर शिरा लागायला आला होता, पण मला उठू देईनात.

"थांब गं. हे 'प्री-एक्झिस्टिंग' म्हणजे काय ते सांग आधी. आणि जागा एवढीशीच का ठेवलीय? माझं एवढ्यात मावायचं नाही."