जुन्या गाडीचा योगक्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आपण सहज उच्चारून जातों. पण त्याचे दोन अवयव निराळे केले म्हणजे त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम. जुनें वाहन विकत घेणाऱ्याचा योग एका दिवसांत पुरा होतो. क्षेम मात्र तेथून पुढें सुरू होतो, आणि खरा आनंदही त्यांतच आहे.

जिला कॅम्पर व्हॅन म्हणतात ती गाडी म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. १९४७ सालीं बेन पॉन नामक डच व्यापाऱ्यानें आपल्या टिपणवहींत एका चौकोनी गाडीची आकृति काढली. तिच्यावरून फोक्सवॅगनची व्हॅन निर्माण झाली व १९५० पासून कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. पुढल्याच वर्षीं वेस्टफालिया कारखान्यानें तींत निजण्याबसण्याची सामग्री बसविली. त्याच सुमारास, १९४९ सालीं, हांबुर्गच्या टेम्पो कारखान्यानें आपली ‘मॅटाडोर’ काढली होती. तिच्या आरंभींच्या गाड्यांत एंजिन फोक्सवॅगनचेंच असे.

हें कुळ महाराष्ट्रांत आलें तें श्री. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं स्थापिलेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळें. १९६९ सालीं तिनें मॅटाडोर आणली. कंपनीचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स झालें. तरी मालाची कोणतीही लहान गाडी आपल्याकडे ‘टेम्पो’च म्हटली जाते.

हिंगणघाट तालुक्यांतील आमचें वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. निवृत्तीनंतर आम्हीं अशी एक जुनी डिझेल मॅटाडोर घेतली. हिची पुढचीं चाकें गाडी ओढतात. त्यामुळें मागील तळ सपाट व ठेंगणा असतो आणि वृद्धांस चढणें सोपें जातें. आंत सुट्या फळ्या, गाद्या, पाण्याचा पिंप व भांड्यांची पेटी, एवढाच आमचा संसार. स्टोव्ह नेहमीं बाहेर, झाडाखालीं पेटवावयाचा. गाडीच्या मूळ रचनेंत परवानगीवांचून फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें, म्हणून सर्व सामान काढतां-घालतां येईल असेंच ठेवावें.

धर्मशास्त्रांत कर्मांचे नित्य व नैमित्तिक असे भेद आहेत. तेच येथें लागू पडतात. निघण्यापूर्वीं ऑइल, रेडिएटरमधील पाणी, ब्रेक ऑइल व फॅन बेल्ट पाहणें हें नित्य. एंजिन तापलेलें असतां रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. डिझेल पार संपूं देऊं नये. नळींत हवा शिरली कीं ती काढल्याविना एंजिन सुरू होत नाहीं. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें चिरतें. त्याच्या कडेवरील चार आंकड्यांत जन्माचा आठवडा व सन दिलेला असतो, तो वाचण्यास मुलांस शिकवावें.

नैमित्तिक कर्म ऋतूंप्रमाणें ठरतें. आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडील काळी माती पावसाळ्यांत गाडीच्या पोटास चिकटून बसते, ओल धरून ठेवते व पत्रा खाते. म्हणून पावसाळा सरतांच गाडी खालून स्वच्छ धुवून वाळवावी व ग्रीस मारून घ्यावें. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटले असल्यास विलंब न करतां बदलावे; आंत माती गेली कीं सांधा झिजलाच. उन्हाळ्यांत मध्यान्हीं प्रवासच टाळावा.

हिच्या संथ गतीमुळें वाटेंतील गांवें दिसतात. सेवाग्रामची शांत कुटी, पवनार येथील धाम नदीचा कांठ, केळझरचा गणपति, हीं स्थळें जवळचीं असूनही वर्षानुवर्षें पाहावयाचीं राहून जातात. घरचा डबा व घरचें अंथरूण बरोबर असलें म्हणजे गुडघेदुखीनें त्रस्त झालेली गृहिणीही ‘चला’ म्हणते. चिरंजीव मात्र म्हणतात, “बाबा, आतां ही भंगारांत द्या.” त्यांची काळजी रास्त आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते, तीही योग्यच.

यावर आमचें उत्तर असें: ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाडा या तिघांविषयीं ममत्वाची गोष्ट काढूं नये. सांगाडा गंजून पोकळ झाल्याचें कारागिरानें दाखविलें, कीं त्याच दिवशीं गाडीस निरोप द्यावा. कुटुंबाचा जीव आठवणींहून मोठा. तोंवर मात्र तिचा क्षेम मन लावून पाहावा. नव्या गाडीचें झांकण उघडलें तरी आपणांस फारसें कांहीं उमगत नाहीं. हिचा पट्टा, नळी, गाळणी डोळ्यांनीं दिसते व हातानें चांचपतां येते. आमच्या नातीस बेल्टचा सैल आवाज आतां आमच्याआधीं ऐकूं येतो. सुट्टींत घरीं आलेल्या मुलांस असली एखादी विद्या द्यावयाची असेल, तर अंगणांतील जुनें यंत्र विकण्यापूर्वीं एकदां त्यांच्यासमवेत तें उघडून पाहावें.