विश्लेषण : चढावर मोपेड दम का टाकते? इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

दुधाच्या किटल्या आणि भाजीची पोती वाहणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक मोपेड ग्रामीण भागात आजही दिसतात. १९७२ मध्ये आलेल्या ५० सीसीच्या लुनाने महाराष्ट्राला या छोट्या गाडीची ओळख करून दिली. अशा गाडीची ताकद कमी झाली की थेट इंजिन खोलण्याची घाई होते. मात्र अनेकदा दोष इंजिनाबाहेरच असतो.

काही अंतर गेल्यावर गाडी बंद का पडते?
टाकीतले पेट्रोल कमी होते, तशी झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते. छिद्र धुळीने बुजले की पेट्रोल उतरत नाही. गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. झाकण सैल करताच ती नीट चालली, तर दोष तिथेच आहे. अन्यथा इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडची नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडून पाहावे. सलग धार हवी. थेंब पडत असतील, तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबलेली असते.

पेट्रोल कमी की जास्त, हे कसे ओळखावे?
चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडते आहे. बहुधा कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा असतो. चोकने गाडी आणखी बिघडली, तर एअर फिल्टर पाहावा. प्लगचा रंगही बोलका असतो. तपकिरी रंग योग्य. काळा, ओला प्लग म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी.

दुर्लक्ष केल्यास काय होते?
टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते. चढावर, ओझ्यासह तशीच गाडी दामटली, तर पिस्टन जाम होतो आणि साध्या सफाईचे काम बोअर-पिस्टनच्या खर्चावर जाते.

इथेनॉलचा संबंध काय?
आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या गाड्यांचे रबरी भागही त्याने खराब होऊ शकतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

सर्व ठीक असूनही पिकअप नसेल तर?
ठिणगी तपासावी; ती निळसर आणि जोरदार हवी. सांडलेले पेट्रोल पुसून, बाटली दूर ठेवूनच ही चाचणी करावी. ठिणगीही चांगली असेल, तर सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन साफ करून घ्यावा. त्यानंतरही फरक पडला नाही, तरच मेकॅनिकला इंजिन खोलायला सांगावे.