राष्ट्रांच्या मैत्रीचें जाळें

राष्ट्राचें सामर्थ्य अजमावयाचें म्हणजे त्याचें सैन्य, आरमार, कोळसा, लोखंड आणि खजिना यांची मोजदाद करावयाची, हा परिपाठ जुना आहे. परंतु या मोजदादीनें एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. दोन राष्ट्रांचें भांडण जुंपलें असतां तिसऱ्यानें, चौथ्यानें आणि दहाव्यानें त्यांत कां पडावें? त्याचें उत्तर एकेका राष्ट्राच्या बळांत नसून त्यांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यांत शोधावें लागतें.

असे संबंध कागदावर मांडण्याची एक रीत समाजशास्त्रांत रूढ आहे. न्यूयॉर्क येथें काम करणारे डॉक्टर जेकब मोरेनो यांनीं शाळेंतील मुलांना, 'तुला कोणाशेजारीं बसावयास आवडेल?' असा साधा प्रश्न विचारला. आणि प्रत्येक मुलासाठीं एक बिंदु व प्रत्येक निवडीसाठीं एक रेषा काढून चित्रें तयार केलीं. त्यांचा यावरील ग्रंथ १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. कोणता मुलगा सर्वांना हवासा, कोणता एकाकी आणि दोन टोळक्यांना जोडणारा दुवा कोणता, हें चित्र पाहतांच कळे. मुलाच्या जागीं राष्ट्र आणि निवडीच्या जागीं तह, व्यापार किंवा वैर घातलें, कीं तीच रीत आंतरराष्ट्रीय राजकारणास लागू पडते.

श्रोत्यांनीं कागदावर तीन बिंदु काढून ते रेषांनीं जोडावे. मैत्रीच्या रेषेवर धन चिन्ह व वैराच्या रेषेवर ऋण चिन्ह लिहावें, आणि तिन्ही चिन्हांचा गुणाकार करावा. तो धन आला तर त्रिकोण स्थिर, ऋण आला तर अस्थिर. दोघां मित्रांचा शत्रु एकच असला, तर गुणाकार धन येतो. उलट, एकाचे दोन मित्र परस्परांचे वैरी असले, तर तो ऋण येतो, आणि त्या मधल्याची स्थिति दोन भांडखोर भावांच्या आईसारखी होते. भारतीयांना हा हिशेब अगदींच अपरिचित नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बारा राजांचें मंडल कल्पून, लगतचा शेजारी तो शत्रु व त्याच्या पलीकडचा तो मित्र, असें सांगितलेंच होतें. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनीं १९४६ सालीं माणसांच्या आवडीनिवडींविषयीं असाच विचार मांडला. कार्टराइट आणि हरारी यांनीं १९५६ सालीं त्यास गणिताचें रूप दिलें. त्यांतून निघणारा सिद्धांत असा : प्रत्येकाचा प्रत्येकाशीं संबंध असून सर्व त्रिकोण स्थिर असतील, तर एक तर सगळेच मित्र असतात, नाहींतर सगळ्यांचे दोन तट पडतात.

पहिल्या महायुद्धापूर्वींच्या युरोपांत याचा पडताळा मिळतो. १८७३ सालीं जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व रशिया येथील तीन सम्राटांनीं आपसांत सख्य केलें. पण बाल्कन प्रदेशांत ऑस्ट्रिया व रशिया यांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत. म्हणून हा त्रिकोण मुळांतच अस्थिर होता. बिस्मार्कनें तो मोठ्या कसबानें सांवरून धरला. १८७९ सालीं त्यानें ऑस्ट्रियाशीं तह केला, १८८२ सालीं इटलीला त्यांत घेतलें आणि १८८७ सालीं रशियाशीं निराळा गुप्त करार केला. १८९० सालीं बिस्मार्क पायउतार झाला, आणि रशियाबरोबरचा करार जर्मनीनें पुढें चालविला नाहीं. ही एक रेषा पुसली जातांच सारें चित्र फिरलें. एकाकी पडलेल्या रशियानें १८९४ पर्यंत फ्रान्सशीं लष्करी सख्य जोडलें. १९०४ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं वसाहतींचे जुने तंटे मिटविले. १९०७ सालीं इंग्लंडनें रशियाशींहि समेट केला.

आतां बहुतेक त्रिकोण स्थिर झाले होते. पण ही स्थिरता शांततेची नव्हती. बिस्मार्कच्या काळीं कोणी ना कोणी दोन्ही पक्षांचा मित्र असे, आणि त्यामुळें भांडणास मध्यस्थ सांपडे. १८७८ च्या बर्लिन परिषदेंत खुद्द बिस्मार्कनें ती भूमिका केली. दोन तट पडल्यावर मध्यस्थाची जागाच उरली नाहीं. २८ जून १९१४ रोजीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २८ जुलै रोजीं ऑस्ट्रियानें सर्बियाशीं युद्ध पुकारलें. जर्मनीनें १ ऑगस्टला रशियाशीं व ३ ऑगस्टला फ्रान्सशीं युद्ध पुकारलें, आणि ४ ऑगस्टला इंग्लंड जर्मनीविरुद्ध उतरलें.

या जाळ्यांत हिंदुस्थानाला स्वतंत्र बिंदु नव्हता; तो लंडनला बांधलेला होता. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनें युद्धांत पडलें, आणि हिंदी सैन्याची सहावी पुणें डिव्हिजन मेसोपोटेमियांत गेली. तींत मराठा पलटणी होत्या. कूत येथें डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडलेली ही फौज उपासमारीनें जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. ज्या शेतकऱ्याच्या मुलानें सर्बियाचें नांवहि ऐकलें नसेल, त्याला व्हिएन्नाहून बर्लिनला, बर्लिनहून इस्तंबूलला आणि लंडनहून पुण्याला गेलेल्या रेषांनीं तैग्रिसच्या कांठीं नेऊन सोडलें.

या रीतीला मर्यादाहि आहेत. इटलीची ऑस्ट्रियाशीं असलेली रेषा तहाच्या कागदावर धन होती. पण ट्रिएस्ट आणि ट्रेंटिनो या ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील मुलुखावर इटलीचा डोळा होता. १९१४ सालीं इटली तटस्थ राहिली व १९१५ सालीं उलट बाजूस गेली. व्यापाराच्या रेषांचेंहि तसेंच. सख्याचे तह एकटे टिकत नाहींत, त्यांना व्यापाराचें बळ लागतें, असें प्रतिपादन जॅक्सन आणि नाय या दोघां संशोधकांनीं २०१५ सालीं केलें. तथापि १९१४ पूर्वीं इंग्लंड व जर्मनी यांचा व्यापार भरभराटीचा होता, आणि तेवढ्यानें युद्ध टळलें नाहीं.

म्हणून वृत्तपत्रांत एखाद्या नव्या तहाची वार्ता येईल, तेव्हां वाचकानें कोणाची बाजू बळकट झाली एवढेंच पाहून थांबूं नये. दोन्ही घरीं जाणें-येणें असलेलें राष्ट्र आतां कोणतें उरलें, हेंहि त्यानें शोधावें. त्या राष्ट्राची कुचंबणा होते, दोन्हीकडून त्यास बोल लागतो. पण समेटाचा निरोप पोंचविण्यास दुसरें कोणी नसतें.