बटण, आज्ञा आणि दीडशे शब्दांचा अर्ज

राळेगणसिद्धीचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास आठवतात: पाणलोटाची कामे आणि माहितीचा अधिकार. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले आणि पहिल्या कामाला लागले. दुसऱ्यासाठी २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण झाले, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा पूर्णपणे लागू झाला. पहिल्या कामाला टिकाव-फावडे लागले. दुसऱ्याला कागद लागतो, आणि तो कागद आता बहुतेकदा प्रिंटरमधून बाहेर पडतो.

माहिती अधिकाराचे अर्ज जो टाइप करून देतो, त्याला विचारा. जोडपत्र 'अ', प्रति जन माहिती अधिकारी, विषय, कालावधी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवल्याचा उल्लेख. नव्वद टक्के मजकूर तोच, बदलते ते नाव आणि प्रश्न. अशा कामासाठी कीबोर्डवरचे एखादे बटण राखून ठेवावे, ते दाबले की साचा हजर, दुसरे दाबले की शब्द मोजून मिळावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ती फुकटात पुरी होते. पाच-सात ओळींची शेल स्क्रिप्ट लिहायची आणि ती शॉर्टकटला जोडायची. तरी लोक बिचकतात किंवा दोन दिवस खटपट करून सोडून देतात. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

"हे प्रोग्रामरचे काम, आपले नव्हे"

टर्मिनलमध्ये ज्या आज्ञा आपण शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, एकामागून एक देतो, त्याच एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. केन थॉम्पसनने युनिक्सचा पहिला शेल १९७१ मध्ये लिहिला. आज लिनक्सवर सर्रास दिसणारा बॅश १९८९ चा. साधन जुने, मुरलेले आहे आणि त्याच्या चुकांची उत्तरेही जुनी आहेत. एक्सेलमध्ये बेरजेचे सूत्र टाकणाऱ्याला हे जमायला हरकत नाही.

"शॉर्टकट स्क्रिप्टमध्येच लिहायचा असतो"

सगळा घोळ इथून सुरू होतो. स्क्रिप्टला बटणाचा पत्ताच नसतो. बटण ऐकण्याचे काम डेस्कटॉपचे, म्हणजे ग्नोम, केडीई, एक्सएफसीई यांपैकी जे असेल त्याचे. ग्नोममध्ये सेटिंग्ज उघडून कीबोर्डच्या विभागात कस्टम शॉर्टकट नोंदवता येतो. तिथे तीनच रकाने: नाव, आज्ञा आणि बटणांची जोडी. डेस्कटॉप बटण ऐकतो आणि आज्ञा सोडून देतो, पुढचे शेल बघून घेतो. काही बिघडले तर या दोघांपैकी कोणाचे बिघडले, हा पहिला प्रश्न.

जुन्या ट्यूटोरियलमध्ये बटण ऐकणारा वेगळा प्रोग्राम टाकायला सांगतात, तो आता बऱ्याच ठिकाणी मुका झाला आहे. कारण वेलँड, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी नवी प्रणाली. पूर्वीच्या एक्स प्रणालीत कोणताही प्रोग्राम कोणतेही बटण ऐकू शकत असे. दुसऱ्या खिडकीत टाइप होणारा पासवर्डसुद्धा! वेलँडने ती मुभा काढून घेतली. उबुंटूने २०२१ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून बहुतेक मशीनवर वेलँड हाच मूळ पर्याय केला. त्यामुळे जुनी युक्ती अचानक बंद पडली तर स्क्रिप्टला बोल लावू नका. शॉर्टकट डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये नोंदवा, तो वेलँडवरही चालतो.

"टर्मिनलमध्ये चालले, म्हणजे बटणावरही चालणार"

सर्वांत जास्त माणसे इथेच अडतात. टर्मिनलमध्ये आज्ञा झक्क चालते, तीच शॉर्टकटच्या रकान्यात चिकटवली की काहीच होत नाही. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. नुसती शांतता.

कारण असे की ग्नोम त्या रकान्यातली आज्ञा शेलमार्फत चालवतच नाही. तो थेट प्रोग्राम सुरू करतो. एका आज्ञेचे उत्तर दुसरीकडे वळवणारी उभी रेघ, घरच्या फोल्डरसाठीचे नागमोडी चिन्ह, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी व्हेरिएबलची नावे, या सगळ्याला शेलमुळे अर्थ येतो. शेलच नसेल तर ती नुसती चिन्हे. उपाय सोपा: सगळे स्क्रिप्टच्या फाइलीत लिहा आणि रकान्यात फक्त त्या फाइलीचा संपूर्ण पत्ता द्या, अगदी मुळापासून. टर्मिनलसाठी तुम्ही बॅशच्या वैयक्तिक फाइलीत टोपणनावे बनवून ठेवली असतील तर तीही इथे उपयोगाची नाहीत, कारण स्क्रिप्ट ती फाइल वाचत नाही.

आणखी दोन कारणे किरकोळ दिसतात, पण दिवस खातात. फाइलीला 'चालवण्याची परवानगी' दिलेली नसणे हे पहिले. दुसरे त्याहून चिवट. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये नव्याने लिहून पेन ड्राइव्हवरून आणली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटून येण्याची शक्यता असते. मग पहिल्याच ओळीत लिहिलेले शेलचे नाव लिनक्सला ओळखू येत नाही. फाइल उघडून कितीही डोळे फोडा, ते चिन्ह दिसणार नाही.

पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' असा क्रम सांगतात, आधी डोंगरमाथा, मग ओढा. इथेही तसाच क्रम ठेवावा. आधी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये तिच्या पूर्ण पत्त्यानिशी चालवून पाहा, मग परवानगी तपासा, आणि बटणाकडे सर्वांत शेवटी या. बटणावरून चाललेल्या स्क्रिप्टचे उत्तर पडद्यावर उमटत नाही, म्हणून नोटिफाय-सेंड या आज्ञेने ते कोपऱ्यातल्या सूचनेच्या चौकटीत दाखवायचे. ही एक ओळ घातली की शांततेचा प्रश्न बराचसा सुटतो.

"शेलला मराठी कळत नाही"

महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ पासून अशी तरतूद आहे की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. (केंद्राच्या त्याच वर्षीच्या नियमांत मर्यादा पाचशे शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळू नये असेही त्यात म्हटले आहे. राज्याने एवढी काटकसर का करावी, हे मला पटलेले नाही.) तेव्हा शब्द मोजणे भाग आहे. लिनक्समध्ये माउसने मजकूर नुसता निवडला तरी तो कॉपी न करता एका वेगळ्या कप्प्यात जातो. एक्सवर एक्सक्लिप आणि वेलँडवर डब्ल्यूएल-पेस्ट हे छोटे प्रोग्राम तो मजकूर बाहेर काढतात, डब्ल्यूसी ही आज्ञा तो मोजते आणि नोटिफाय-सेंड आकडा दाखवते. मजकूर निवडा, बटण दाबा, '१४२' असा आकडा कोपऱ्यात हजर. डब्ल्यूसी मोजते मोकळ्या जागांवरून, त्यामुळे भाषा मराठी की इंग्रजी याने काही बिघडत नाही.

अक्षरे मोजताना मात्र जपून. 'ग्रामपंचायत' हा शब्द घ्या. आपल्या लेखी अक्षरे सहा: ग्रा, म, पं, चा, य, त. डब्ल्यूसीला चिन्हे मोजायला सांगितली तर ती अकरा म्हणते, कारण हलन्त, काना आणि अनुस्वार युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. बाइट मोजायला सांगितले तर तेहतीस, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. आपण विचारले काय, यावर उत्तर ठरते.

खरी अडचण शेलची नाही, जुन्या फाँटची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि खुणा. त्यात 'ग्रामसभा' शोधायला सांगितले तर शेल रिकाम्या हाताने परत येतो, आणि त्याचे चुकलेले नसते. साचे युनिकोडमध्येच ठेवा.

याच्याच पोटातला दुसरा समज असा की बटण दाबल्यावर साचा अक्षर-अक्षर टाइप व्हायला हवा. तसे करणारे प्रोग्राम आहेत, पण देवनागरीच्या बाबतीत ते भरवशाचे नाहीत आणि वेलँडवर तर आणखी अडतात. स्क्रिप्टने साचा क्लिपबोर्डवर ठेवावा, चिकटवण्याचे काम आपण करावे. एक बटण जास्त दाबावे लागते, पण काना-मात्रा हलत नाही. शॉर्टकटसाठी शक्यतो फंक्शन की निवडा; मराठी इन्स्क्रिप्ट चालू असताना रोमन अक्षरावर बांधलेला शॉर्टकट काही डेस्कटॉपवर रुसतो.

"महिना म्हणजे तीस दिवस"

हा गैरसमज माणसांचा, पण स्क्रिप्टमध्ये तो हमखास उतरतो. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. डेट ही आज्ञा मुदत काढून देते, पण तिला 'तीस दिवस' सांगा, 'एक महिना' सांगू नका. ३१ जानेवारी २०२७ मध्ये तीस दिवस मिळवले तर २ मार्च येतो. एक महिना मिळवायला सांगितला तर लिनक्सची डेट आज्ञा ३ मार्च देते, कारण ३१ फेब्रुवारी नावाची तारीख नसल्याने ती तीन दिवस पुढे सरकते. उत्तर आले नाही तर पहिल्या अपिलाचे तीस दिवस तिथून मोजायचे असतात, म्हणून एका दिवसाचीही किंमत आहे.

"विंडोजवर हे होत नाही"

होते. डेस्कटॉपवर ठेवलेल्या कुठल्याही शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये बटणांच्या जोडीचा रकाना असतो आणि त्याला बॅच फाइल किंवा पॉवरशेलची स्क्रिप्ट जोडता येते. अट एवढीच की तो शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच असला पाहिजे. ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्राम याच्याही पुढे जातो.

"छोटी स्क्रिप्ट, तिने काय बिघडणार?"

स्क्रिप्ट तुमच्या नावाने आणि तुमच्या अधिकारात चालते. तुम्ही जी फाइल पुसू शकता ती तीही पुसू शकते, आणि बटण चुकून दाबले गेले तरी विचारत नाही. म्हणून पुसणारी, हलवणारी किंवा कुठे पाठवणारी आज्ञा एका बटणावर ठेवू नये. कोणी दिलेली स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचल्याशिवाय जोडू नये. साधा मजकूर चिकटवण्यासाठी एखादी स्क्रिप्ट प्रशासकाचा पासवर्ड मागू लागली, तर तिथेच थांबा. आणि गावातल्या चार जणांचे अर्ज एकाच मशीनवर होत असतील तर साच्यात कोणाचे नाव, पत्ता, आधार क्रमांक राहू देऊ नका. स्क्रिप्टची फाइल साध्या मजकुराची असते, मशीनवर बसणारा कोणीही ती उघडून वाचू शकतो.

साचा पक्का करण्याआधी त्यात 'ही माहिती मला अमुक कारणासाठी हवी आहे' असा परिच्छेद आहे का तेवढे पाहा. असला तर काढून टाका. कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण द्यावे लागत नाही, आणि दीडशेतले वीस-पंचवीस शब्द वाचतात.