सुरवंटाची गोष्ट आणि मुलांची इंग्रजी

इंग्रजीच्या पुस्तकापुढे मूल रडवेले झाले की घरोघरी एकच उपाय योजिला जातो. शब्दार्थाची वही काढावयाची आणि दहा शब्द घोकून घ्यावयाचे. शब्द पाठ होतात. पण त्यांतून एक वाक्य बोल म्हटले की मूल खाली पाहते. आम्हीही याच वाटेने इंग्रजी शिकलो, म्हणून त्या वहीविषयी आम्हांस फारशी माया नाही.

याहून बरी वाट गोष्टीच्या पुस्तकाची. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकार-लेखकाचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे १९६९ साली निघालेले पुस्तक पाहा. एक भुकेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, आणि याप्रमाणे शुक्रवारी पाच संत्री. तरी त्याची भूक शमत नाही. शनिवारी तो वाटेल ते खातो आणि रात्री पोट धरून बसतो. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर त्याला बरे वाटते. फळांच्या चित्रांना खरोखरीची भोके पाडलेली आहेत. मुलाचे बोट त्यांतून आरपार जाते. वार, अंक आणि फळांची नावे आपण शिकत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. दर वारी तेच वाक्य फिरून येते आणि चार-पाच वाचनांनंतर मूल ते आपणच पुरे करू लागते. जपमाळेनंतर लितानीला प्रतिसाद देणाऱ्या चिमुकल्याला तो कोणी वहीत लिहून दिलेला असतो काय?

“आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही काय वाचणार?” असे माता विचारतील. त्यांनी चित्रे दाखवून गोष्ट आधी आपल्या मराठीत सांगावी. चिऊ-काऊची गोष्ट सांगणाऱ्या आईला हे शिकवावे लागत नाही. गोष्ट कळली म्हणजे मग थोरल्या भावाने वा बहिणीने ती इंग्रजीत वाचावी. वाचताना शब्दाशब्दाला थांबून अर्थ विचारू नये, आणि स्पेलिंग तर मुळीच विचारू नये. तेवढ्याने गोष्टीची परीक्षा होते आणि मूल पळ काढते.

नासपती मुलाने पाहिलेली नसेल तर नसो. रविवारी मिस्साहून परतल्यावर त्यालाच कागदावर आपला सुरवंट काढू द्यावा. तो सोमवारी एक पेरू खाईल, मंगळवारी दोन चिकू. शनिवारी त्याने अख्खा फणस संपविला तरी मोठ्यांनी हरकत घेऊ नये. त्या फळांची इंग्रजी नावे विचारीत मूल मग स्वतःच आपल्या मागे लागेल.